पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. एरवी प्रिंटर रुसलेला असतो, मे महिन्यात मात्र ‘प्रोसेसरचा वेग वाढवला आणि आता मशीन उठतच नाही’ अशी रांग लागते. त्यातले पाच प्रश्न आज घेतले आहेत. सगळे इंदूरचेच आहेत.

प्रश्न: रायझन ५ ५६०० आहे, बी५५० बोर्ड. व्हिडिओ बघून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) सगळे कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, ४.८ गिगाहर्ट्झवर लावले, व्होल्टेज ऑटोवर ठेवलं. सेव्ह केल्यापासून पंखे फिरतात, लाइट लागतात, पण स्क्रीन काळी. प्रोसेसर उडाला का? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सुदामा नगर

उत्तर: उडालेला नसावा. घरी सांगायची वेळही बहुधा येणार नाही.

झालंय असं की, कंपनी या प्रोसेसरला मुळात ३.५ आणि फार तर ४.४ गिगाहर्ट्झ देते. तू सहाही कोरना एकदम ४.८ वर पळायला सांगितलंस. बोर्ड बिचारा आज्ञाधारक. दर वेळी चालू झाला की तोच आकडा वाचतो, तेवढ्या वेगाने निघतो आणि स्क्रीनवर काही यायच्या आधीच ठेचकाळतो. म्हणजे तो आकडा त्याच्या डोक्यातून काढला की काम झालं.

आधी काही न करता बघ. बरेच बोर्ड दोन-तीनदा अपयश आलं की आपणहून मूळ सेटिंगवर येतात. मशीन स्वतःच बंद-चालू होत असेल तर होऊ दे, मध्ये बटण दाबू नकोस. पाच मिनिटं गेली तरी काही नाही, तर बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे आहेत का ते शोध. अनुक्रमे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट होणारी डिस्क यांचे ते दिवे. जो लागून राहिला, तिथे गाडी अडली. आणि हो, ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. घाबरून मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डमधून काढून बोर्डाला लावली असशील तर जन्मभर डिस्प्ले येणार नाही. हसू नकोस, असे दोन कॅबिनेट या महिन्यात माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

आता मुख्य काम. एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याचं, मागचं बटण बंद कर, वायर काढ. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर. पंखा अर्धा फेरा मारून थांबला तर समज, आत अडकलेला करंट निघाला. बोर्डावर गोल सेलच्या आसपास दोन उघड्या पिना असतात, शेजारी सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबीएटी१ असं काहीतरी बारीक छापलेलं असतं. बऱ्याचदा त्या नेमक्या ग्राफिक्स कार्डाखाली लपतात, तेव्हा कार्ड काढावं लागतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना एकाच वेळी टेकवून मनात दहापर्यंत मोज. फक्त त्याच दोन पिनांना, शेजारच्यांना नाही. पिना सापडल्याच नाहीत तर सीआर२०३२ सेलची क्लिप नखाने बाजूला सार, सेल आपोआप उचलला जाईल. दहा मिनिटं बाहेर ठेव, चहा घे, मग अक्षरांची बाजू वर ठेवून बसव.

यानंतर पहिल्यांदा चालू होताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. तिथेच पोरं धीर सोडतात आणि रीसेट दाबतात.

खरं सांगू? या पिढीच्या रायझनला सगळे कोर एकाच आकड्यावर बांधून फारसा फायदा नाही. तो गरजेप्रमाणे एखाददुसरा कोर आपणच वर नेतो. बांधून ठेवलास तर हलक्या कामात उलट नुकसान. बायोसमधलं पीबीओ, म्हणजे रायझनला आपणहून वेग वाढवू देणारी सोय, चालू कर आणि गप्प बस. तरीही हात शिवशिवत असतील तर ४.४ पासून सुरू कर, व्होल्टेज ऑटोवर न सोडता १.२५ च्या आसपास हाताने लिही, दर वेळी २५ मेगाहर्ट्झच वाढव. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि ती वहीत लिही.

आणि मशीन उठलं म्हणजे पास झालं असं समजू नकोस. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाच्या बसचा वेग गुणिले एक ठरलेला गुणक. माझ्या जुन्या कोअर टू ड्युओ ई८४०० चा गुणक ९ च्या वर जात नसे, म्हणून मी बसचा वेग ३३३ वरून ४०० मेगाहर्ट्झ केला. ३ चे ३.६ गिगाहर्ट्झ झाले, विंडोज उघडलं, मी मित्रांना पोहे खाऊ घातले. पण बसबरोबर रॅमही वेगाने पळत होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चार दिवसांनी फायली एकेक करून खराब निघायला लागल्या.

प्रश्न: पुतण्याने पुण्याला परत जाण्याआधी कॉम्प्युटरचा ‘स्पीड वाढवून’ दिला. तो गेला आणि दोन दिवसांत मशीन बंद पडलं. दुकानातल्या मुलाने सेल काढून बसवला. आता मशीन चालू होतं, पण निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. तो म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. आत मंडळाचे कित्येक वर्षांचे हिशेब आणि नातवंडांचे फोटो आहेत.
— निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्य नगर

उत्तर: काका, फॉरमॅट मारू देऊ नका. तुमचे हिशेब बहुतेक जिथल्या तिथे आहेत.

सेल काढल्यावर नुसता वाढवलेला वेग जात नाही, बायोसमधली प्रत्येक सेटिंग कंपनीच्या मूळ जागी जाते. त्यात एक सेटिंग डिस्कशी कसं बोलायचं याची असते: एएचसीआय किंवा रेड, आणि इंटेलच्या नव्या बोर्डांवर व्हीएमडी. विंडोज एका पद्धतीत बसवलेलं असलं आणि बायोस अचानक दुसऱ्या पद्धतीने डिस्क दाखवायला लागलं, की विंडोज गोंधळतं. घर तेच, पण दार मागच्या गल्लीत गेलं.

त्या मुलाला म्हणावं, बायोसमध्ये साटा मोड किंवा व्हीएमडी आहे, ते उलट कर, सेव्ह कर, चालू करून बघ. फरक नाही पडला तर ते पुन्हा होतं तसं कर आणि मग सीएसएमची (जुन्या पद्धतीने बूट होण्याची) सेटिंग बदलून बघ. प्रत्येक बदलाआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा.

त्याच्याही आधी पुतण्याला फोन लावा. असे बदल झाले की विंडोज कधी कधी ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली, मागतं. ती साधारणपणे ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं त्याच्या खात्यात जमा असते, आणि ते खातं तुमचं नसून त्याचंच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. की हाती आल्याशिवाय पुढचा प्रयोग नको. विंडोज उघडलं की दुसरं काही करण्याआधी हिशेब पेन ड्राइव्हवर घ्या.

रोज सकाळी तारीख मागे गेलेली दिसली तर सेल संपलाय, नवा घाला. तारीख चुकीची असेल तर बँकेची साइटही उघडत नाही, आणि लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देत बसतात.

प्रश्न: रायझन ७ ३७००एक्स, ४.३ गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट. जानेवारीत लग्नाच्या व्हिडिओंचं सगळं काम यावर केलं, एकदाही अडलं नाही. एप्रिलपासून दुपारी चालू केलं की विंडोजचा गोल फिरता फिरता मशीन रीस्टार्ट होतं. रात्री तेच मशीन सरळ चालू होतं. भूत आहे का?
— व्हिडिओ एडिटर, राजेंद्र नगर

उत्तर: भूत नाही ताई, इंदूरची दुपार आहे. शब-ए-मालवाची कीर्ती रात्रीची. दुपारचं कौतुक कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर होती, आता ४० वर असेल, तर ते वीस अंश प्रोसेसरच्या तापमानात जवळजवळ तसेच्या तसे मिळवायचे. तापलेल्या चिपला तोच वेग टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तुमचं व्होल्टेज जानेवारीच्या हिशेबाने बांधलेलं आहे. शिवाय चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४ गिगाहर्ट्झ-१.२ व्होल्टवरून ४.३-१.३५ वर गेलात तर वेग साडेसात टक्के वाढला आणि उष्णता साधारण छत्तीस टक्के. एवढा महागडा सौदा आपल्या सराफ्यातही कुणी करणार नाही.

दुसरा संशय यूपीएसवर आहे. दुपारी कॉलनीतले सगळे कूलर आणि एसी चालू झाले की व्होल्टेज खाली येतं. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. भक्कम ग्राफिक्स कार्ड आणि ओव्हरक्लॉक केलेला (वेग वाढवलेला) प्रोसेसर मिळून तेवढं सहज ओढतात. एक दिवस दुपारी मशीन यूपीएसऐवजी थेट अर्थिंग असलेल्या पॉइंटवर लावून बघा. त्रास थांबला तर दोष प्रोसेसरचा नव्हताच. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल पॉवर ४१’ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन अचानक गेलं. शेजारी ‘व्हिया लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद असेल तर मात्र प्रोसेसरवर संशय धरा.

खसच्या ताट्यांचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका, दमट हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर लेप बसतो. तो साफ करा, वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावा आणि सप्टेंबरपर्यंत ४.२ वर या. वीस मिनिटांच्या एक्स्पोर्टला फार तर अर्धा मिनिट जास्त लागेल.

प्रश्न: नवीन रायझन ५ ७६००, ३२ जीबी डीडीआर५. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू केलं आणि स्क्रीन काळी. तीनदा बंद करून चालू केलं. दुकानदाराने रॅम काढून खोडरबराने पुसली, तरी तेच.
— विजय नगर

उत्तर: तीनदा बंद केलं, तिथेच चुकलं. डीडीआर५ चा वेग बदलला की बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. नाहीच उठलं तर वर सांगितलेला पिनांचा उपाय करा. रॅमचे दोन तुकडे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, तेही बघा.

एक्स्पो हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे डब्यावर ठळक छापायला हवं. या प्रोसेसरला दोन तुकड्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावले तर ३६०० पर्यंत खाली. ६००० लिहिलेली रॅम चालते बऱ्याच ठिकाणी, पण ती कंपनीने कबूल केलेली गोष्ट नाही. खोडरबराबद्दल काय बोलू? आपल्याकडे ते सर्दीच्या वाफाऱ्यासारखं आहे, आधी तेच करायचं.

प्रश्न: रायझन ७ ५८००एक्स. तापमान कमी व्हावं म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोरना उणे ३० दिलं. प्रोसेसरला दमवणारी सिनेबेंच चाचणी तासभर चालते, काही होत नाही. पण मशीन नुसतं पडून असताना, नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर, फट्‌कन रीस्टार्ट. रिकामं असताना कसं काय पडतं?
— तुकोगंज

उत्तर: रिकामं असतं म्हणूनच पडतं. सिनेबेंचमध्ये सगळे कोर जुंपलेले असतात, त्यामुळे एकही फार वर जात नाही. रिकाम्या वेळी कुठलं तरी बारीकसं काम येतं, एकच कोर क्षणात सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो, आणि नेमकं तिथेच तुम्ही त्याचं व्होल्टेज कापून ठेवलंय. लॉगिनच्या पडद्यावरही तेच.

सगळ्यांना एकच आकडा देऊ नका. जे कोर मुळात चांगले, त्यांना कंपनीने आधीच कमी व्होल्टेजवर पळवलेलं असतं, त्यांच्यात कापायला जागा थोडी. एएमडीचा रायझन मास्टर प्रोग्राम अशा कोरवर खूण दाखवतो. त्यांना उणे १० द्या, बाकीच्यांना उणे २०. मग रात्री झोपताना कोअरसायकलर लावून ठेवा, तो एका वेळी एकच कोर दमवतो. सकाळी ज्या कोरच्या क्रमांकावर चूक दिसेल, त्याची कपात पाचने कमी करा (उणे २० चं उणे १५) आणि पुन्हा रात्रभर लावा.