रुग्णाने भरलेली प्रश्नावली: नव्या डॉक्टरांसाठी

रुग्णांकडून त्यांच्या त्रासाबद्दल प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात करताय हे छानच, पण एकदम पाच-सहा प्रश्नावल्या हाती घेऊ नका. एक आजार, एक प्रश्नावली. गुडघेदुखीसाठी ऑक्सफर्ड नी स्कोअर पुरे: १२ प्रश्न, ० ते ४८ गुण, जास्त गुण म्हणजे गुडघा बरा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे: फॉर्म भरून घेतात, फाइलला लावतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मग पुढच्या वेळी रुग्णही उरकायचं म्हणून खुणा करतो, आणि त्यात त्याची चूक नाही. फॉर्म आधी वाचा, बोलणं त्यावरूनच सुरू करा. "तुमचे २१ गुण" हे सांगून त्याला काय कळणार? "जिना उतरताना फार त्रास होतो असं लिहिलंय. तुम्हाला आधी काय जमायला हवंय?" असं विचारा. मग ऑपरेशन, व्यायाम, थोडं थांबणं, सगळे पर्याय मांडा.

आणखी दोन गोष्टी:
- नुसत्या गुणांवरून ऑपरेशन ठरवू नका.
- नातेवाइकाने भरलेलं उत्तर रुग्णाचं समजू नका.

पीएचक्यू-९ (नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) वापरलीत तर नववा प्रश्न रुग्ण समोर असतानाच बघा. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. गुणांचे आलेख, तुलना वगैरे पुढे बघू.