हृदयाची कमजोरी आणि रक्तातील प्रथिनाचा आकडा

प्रश्न : हृदय कमजोर झाल्याने माझ्या वडिलांना रुग्णालयात ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तातील ‘एनटी-प्रोबीएनपी’ हे प्रथिन ४,२०० होते, घरी सोडताना ते २,१०० झाले. यावरून आयुष्याचा अंदाज बांधता येतो का?

उत्तर : काही अंशी येतो, मात्र एका आकड्यापेक्षा त्याच्या चढ-उताराला अधिक महत्त्व आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंतींवर ताण आला, की तेथील स्नायुपेशींमधून हे प्रथिन रक्तात उतरते, त्यामुळे उपचारांनंतरही ते वाढलेलेच राहिले तर मृत्यूचा आणि पुन्हा भरती व्हावे लागण्याचा धोका जास्त असतो. रुग्णालयातील मुक्कामात पातळी ३० टक्क्यांहून अधिक उतरणे हे चांगले लक्षण मानतात. आपल्या वडिलांची ती निम्म्यावर आली, ही खरोखर दिलासा देणारी बाब आहे. वाढते वय आणि मूत्रपिंडाचा विकार यांमुळे हा आकडा चढतो, तर स्थूल व्यक्तीत तो कमी दिसतो, म्हणून दुसऱ्या रुग्णाच्या अहवालाशी तुलना करू नये. हृदयाच्या कमजोरीवरील सॅक्युबिट्रिल असलेले औषध चालू असल्यास साध्या बीएनपी या जवळच्या प्रथिनाऐवजी एनटी-प्रोबीएनपीचीच तपासणी करावी, कारण त्या औषधानेच बीएनपी वाढू शकते. अंगात पाणी साठते आहे का, हे कळावे म्हणून वडिलांचे वजन रोज सकाळी करावे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.