मुली-मुलींच्या प्रेमाच्या साहसी फँटसी: सुरुवात करताना

पहिली कादंबरी एकाच भागात संपणारी घे. मालिंडा लो यांची 'ॲश' (२००९) उत्तम: सिंड्रेलाचीच गोष्ट, पण नायिकेचा जीव राजपुत्राऐवजी राजाच्या शिकारी स्त्रीवर जडतो.

नवे वाचक हमखास दोन चुका करतात:
- मुखपृष्ठावर तलवार दिसली की मोठ्यांसाठीचा आठशे पानी ग्रंथ उचलतात. वयोगट बघून घे.
- पन्नास पानांत प्रेम दिसलं नाही की पुस्तक सोडतात. इथे प्रेम मोहिमेतूनच वाढतं: पाठीला पाठ लावून लढताना, शत्रूच्या गोटातल्या मुलीवर विश्वास टाकताना. खरी गोडी त्यातच आहे! निदान एक तृतीयांश वाच.

दोघींपैकी एक मरेल अशी धास्ती वाटत असेल, तर परीक्षणातल्या आशयसूचना (मृत्यू, हिंसा असं काही पुस्तकात आहे का ते सांगणाऱ्या टिपा) आधी वाच, बिनधास्त. पुस्तकातले नकाशे, वंशावळी सध्या राहू देत.