मोटारीच्या 1:5 प्रतिकृतीची टक्कर घडवून खऱ्या गाडीची सुरक्षा तपासता येते का?

चौकट कशी चेपते आणि किती ऊर्जा शोषते हे 1:5 प्रतिकृतीवरून तपासता येते, पण खरी गाडी सुरक्षित आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. प्रतिकृती त्याच धातूची असेल, 1.5 मिमी पत्र्याच्या जागी 0.3 मिमी पत्रा असेल आणि ती खऱ्या गाडीच्याच वेगाने आदळली, तर धातूतील ताण जवळपास तेवढाच राहतो, वस्तुमान व ऊर्जा 125 पट कमी होतात, टक्कर मात्र पाचपट कमी वेळात संपते आणि मंदन (वेग घटण्याचा दर) पाचपट वाढते. पुण्यात यंत्र-अभियांत्रिकीचे प्रकल्प तपासताना वारंवार दिसते की विद्यार्थी वेगही पाचपट कमी करतात. तसे केल्यास पत्रा पुरेसा चुरगळतच नाही. भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षा-मानांकन देणाऱ्या कार्यक्रमातील समोरील टक्करीचा 64 किमी प्रतितास वेग हवा असेल, तर प्रतिकृती सुमारे 16 मीटर उंचीवरून, म्हणजे पाच मजल्यांवरून, सोडावी लागेल. त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतील बंदिस्त मनोऱ्यातच करावे. खरी मर्यादा सौम्य पोलादाची आहे, कारण विकृतीचा दर, म्हणजे धातू चेपण्याचा झपाटा, वाढला की त्याची ताकद वाढते आणि प्रतिकृती प्रमाणापेक्षा कमी चेपते; स्पॉट वेल्डचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठिपक्यांसारख्या सांध्यांचे, फाटणेही प्रमाणात उतरत नाही. प्रवाशाच्या इजेबद्दल बोलायचे असेल, तर पूर्ण आकाराची गाडी आणि डमी (प्रवाशाच्या जागी बसवलेला चाचणीचा पुतळा) यांना पर्याय नाही.