जाहिरातीतली नांगरणारी जीप

प्रश्न : जीप ही मुळात लष्करी गाडी, मग १९४५च्या सुमारास छापलेल्या अमेरिकी जाहिरातींत ती शेत नांगरताना का दिसते?

उत्तर : युद्ध संपताच लष्कराची मागणी आटणार हे ओळखून विलीज-ओव्हरलँड कंपनीने १९४५ मध्ये ‘सीजे-२ए’ हे नागरी मॉडेल बाजारात आणले आणि नांगर ओढणारी, माल वाहणारी, शिवाय इंजिनाच्या जोरावर करवतीसारखी यंत्रे चालवू शकणारी गाडी म्हणून ते शेतकऱ्यांपुढे ठेवले. चित्र मात्र जवळून पाहावे : मागे खाली उघडणारी फळी, बाजूला लावलेली स्टेपनी, मोठे दिवे आणि लष्करी जीपच्या नऊऐवजी सात फटींचे ग्रिल. मला तर हे तपशील मजकुराहून अधिक बोलके वाटतात, कारण गाडीचा बदललेला धर्म त्यांतच दिसतो.