वावर असताना पोट्टे परदेशात का जातात? आणि जायचंच असेल तर कुठं फसगत होते?

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या खेड्यात 5 एकर कोरडवाहू वावर आहे, राहतं घर आहे, तरी धाकट्या भावाच्या डोक्यात परदेश आहे. लोक आपला देश सोडून परदेशात राहायला का जातात, आणि त्याला जाऊ द्यावं का?

आधी एक गैरसमज काढू. गावातला सगळ्यात गरीब माणूस परदेशात जात नाही. तो मिरची तोडायला तेलंगणात जातो, नाहीतर सुरत-पुण्याची गाडी धरतो. विमानात बसतो तो, ज्याच्याकडं गहाण टाकायला किंवा विकायला काहीतरी आहे. म्हणून "वावर असूनही का जातात" यापेक्षा "वावर आहे म्हणूनच जाऊ शकतात" हे जास्त खरं.

कारण एका शब्दात सांगायचं तर तारीख, म्हणजे दर महिन्याला ठरल्या दिवशी हातात पडणारा पैसा. कोरडवाहूत एकरी 5 क्विंटल कापूस धरा आणि भाव 7 हजार. झाले 35 हजार. बियाण्याची दोन पाकिटं, खत, तीन-चार फवारण्या, निंदण, डवरण आणि किलोला 10 रुपये वेचाई यात 22 हजार जातात. उरतात 13. पाच एकरांचे वर्षाला 65 हजार, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारही नाहीत, आणि तेही गुलाबी बोंडअळी आली नाही तर. हा पैसा येतो दिवाळीनंतर, टप्प्याटप्प्यानं, आणि चुकारा हातात पडायच्या आधीच कृषी केंद्राची उधारी दारात उभी असते. दुबईतला साधा मदतनीस 1,200 दिरहमावर लागला, तर दिरहमाला 23 रुपये धरून 27,600 होतात. खाणं, फोन, साबण जाऊन 18 हजार वाचतात आणि ते दर महिन्याला येतात. त्यात सोयरिकीचं दुखणं आहे. मुलीकडचे पहिल्याच बैठकीत विचारतात, पोरगा नोकरीवर आहे का? 'कास्तकार' या उत्तरावर चहा संपतो आणि बोलणंही संपतं.

पण तुम्ही 'राहायला' म्हणालात, तिथं थोडं थांबू. आखातात लोक कमवायला जातात, राहायला नाही. साध्या कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. बायको-पोरांना अमिरातीत न्यायचं तर पगार 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि वर राहायची सोय, एवढा लागतो. 1,200 वाल्याचं बिऱ्हाड गावातच राहतं. बिऱ्हाडासकट बाहेर राहतात ते इंजिनियर, नर्स आणि तिकडे शिकून नोकरीला लागलेले. दोन्ही वाटांचे खड्डे वेगळे आहेत.

आखाताचा पहिला खड्डा म्हणजे एजंटाचा पैसा. सरकारी नोंदणी असलेल्या एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात. मेडिकल, विमा वेगळे. तालुक्याच्या ठिकाणी बसलेला माणूस सव्वा लाख मागतो तेव्हा तो बहुतेक सब-एजंट असतो आणि कायद्यात सब-एजंट हा प्रकारच नाही. आता हिशोब बघा. 1 लाख 20 हजार शेकडा 3 नं सावकाराकडून उचलले, घरी महिन्याला 8 हजार पाठवले आणि 10 हजार कर्जात घातले, तर फिटायला 15 महिने लागतात. करार असतो 2 वर्षांचा. तेच कर्ज 35,400 चं असेल तर चार महिन्यांत मोकळा. माझ्या मते गेलेल्याचं भलं होतं की वाटोळं, हे निम्मं इथंच ठरतं, तिकडच्या उन्हात नाही.

एजंटाचं नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत यादीत शोधा. सापडलं नाही तर बयाणासुद्धा देऊ नका. भाऊ दहावी नापास असेल तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' येईल. त्याला आखातासह 18 देशांत नोकरीला जायला सरकारी मंजुरी लागते. पोरांना हा शिक्का अडचण वाटतो, पण त्यातूनच नोंदलेला करार आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा पदरात पडतो. 2 वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. ही मंजुरी चुकवायला एजंट म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बदलून घेऊ." हे ऐकलं की उठून या. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा, म्हणून पगार बुडाला तर तक्रारीला तोंड नाही, आणि मुदत संपली की अमिरातीत दिवसाला 50 दिरहम दंड चढतो.

सौदीच्या व्हिसावरचा हुद्दा अरबी वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. तोंडी सांगतात ड्रायव्हर आणि कागदावर असतं 'आमिल', म्हणजे मजूर. मेडिकलचंही तसंच. पूर्वी टीबी होऊन बरा झालेला असला तरी छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की अनफिट करतात. म्हणून एजंटाला रुपया द्यायच्या आधी जिल्ह्याच्या गावी साधा एक्स-रे काढून डॉक्टरला दाखवा. आणि थायलंडला 'डेटा एंट्री', पगार लाखाच्या घरात, अनुभव नको, अशी जाहिरात आली तर ती नोकरी नव्हे. तिथून म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यांत नेलेल्या पोरांना सोडवून आणावं लागलं आहे.

शिक्षणाच्या वाटेवर खेड्यातला माणूस अडतो तो वावरामुळंच. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. बाप अभिमानानं सातबारा पुढं करतो आणि मॅनेजर तो परत सरकवतो. कारण थकीत कर्जासाठी कोर्टात न जाता तारण जप्त करायची ताकद बँकेला ज्या सरफेसी कायद्यानं मिळते, तो शेतजमिनीला लागू नाही. गावठाणातलं घर नुसत्या नमुना 8 वर असेल तर तेही बहुतेक चालत नाही. एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव चालते. जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर विषयच संपला.

जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण राहण्याखाण्यासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात आणि एपीएस, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याच्या प्रमाणपत्राचे 18 हजार वेगळे. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, 75 जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते आपल्याकडं घरोघर माहीत असतं, पण अर्जाची तारीख माहीत नसते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद प्रवेशाचं पत्र येण्याआधीच काढून ठेवा. पत्र आल्यावर धावपळ केली की तारीख हुकते.

नर्सिंगवाल्या पोरींची वाट मला सगळ्यात पक्की वाटते. जर्मनीत मात्र जर्मन भाषा बी-2 पर्यंत, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल अशा पातळीपर्यंत, न्यावीच लागते. दोन महिन्यांत जर्मन शिकवतो म्हणणाऱ्या क्लासची फी भरू नका.

कागदांचं नेहमीचं भांडण नावाचं. टीसीवर 'रामदास', आधारवर 'रामदासजी', जन्मतारीख एकीकडं 1 जानेवारी आणि दुसरीकडं भलतीच. हे पासपोर्टच्या आधी सुधारा. साध्या पासपोर्टची फी 1,500 आहे, त्याचे 5 हजार कुणाला देऊ नका.

राहिला वावराचा प्रश्न. भाऊ एकदा अनिवासी भारतीय झाला की त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र ठेवता येते. त्याच्या नावावर पीएम-किसान चालू असेल तर तेही बंद करायला हवं. म्हणून वाटणी, फेरफार आणि धुऱ्याची मोजणी तो जाण्याआधी उरका. नंतर मुखत्यारपत्र तिकडच्या दूतावासात करून पाठवावं लागतं आणि ते इथं पोचल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावं लागतं. हे राहून गेलं की तलाठी फेरफार धरत नाही आणि भाऊ तिकडून नुसता फोन करत बसतो.