सीपॅपच्या नळीत पाणी : हीटेड ट्यूब घ्यावी का?

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. दसऱ्याच्या सुमाराला त्यांची झोपेची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सीपॅप (झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीन) लावायला सांगितलं. दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. थंडी पडली तशी रात्री दोन-अडीचला नळीत गुडगुड सुरू होते, मग नाकावर पाणी येतं आणि हे मास्क काढून ठेवतात. ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी मशीनची पाण्याची टाकी) ५ वरून २ वर आणला तर पाणी थांबलं, पण सकाळी नाक कोरडं पडून रुमालावर रक्ताचा ठिपका दिसतो. आमचं घर तळमजल्यावर, समोर मोकळा प्लॉट, आणि यांना खिडकी बंद केलेली चालत नाही. दुकानदार म्हणतो हीटेड ट्यूब, म्हणजे आतून तापणारी नळी, घ्या, साडेपाच हजार. मशीनलाच इतका पैसा गेला. ही ट्यूब खरंच कामाची आहे, की आपली विक्री वाढवायची गोष्ट?
— एक वाचक भगिनी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला २९ डिसेंबर २०१८ची पहाट आठवली. त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. महाल भागातलं आमचं घर जुनं, वर कवेलू. वारा कुठून येतो ते शोधत बसावं लागत नाही, सगळीकडूनच येतो. मशीन घेऊन मला जेमतेम दीड महिना झालेला. तीनच्या सुमाराला नळीतून हुक्क्यासारखी गुडगुड, आणि पाठोपाठ गार पाण्याची चूळ थेट नाकात. मी ताडकन उठलो, अंबाझरी तलावात पडल्यासारखा. बायको पांघरुणातूनच म्हणाली, "काय जी, मशीन नळाला जोडली का?"

लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की दवाखान्यातली ऑक्सिजनची न् व्हेंटिलेटरची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी ३१ वर्षं गेली. व्हेंटिलेटरच्या नळीत असंच पाणी साचतं, त्यासाठी मध्ये छोटी बाटली लावलेली असते आणि सिस्टर ती रिकामी करत असतात. नळीत तापणारी तार घालायची युक्तीही आयसीयूत जुनीच. हे सगळं ठाऊक असलेला माणूस पहाटेपर्यंत बादलीत नळी झटकत बसला होता.

तर आधी दुकानदाराबद्दल. तो तुम्हाला फसवून नाही राहिला. अर्धं सांगून राहिला, एवढंच.

पाणी का येतं ते बघा. ह्युमिडिफायरची टाकी खालून तापते, त्यामुळे तिच्यातून निघालेली हवा कोमट आणि ओलसर असते. २७ अंशांची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. तीच हवा दीड-दोन मीटर लांबीच्या गार नळीतून जाताना २० अंशांवर आली, की तिला १७ ग्रॅमच पेलवतात. उरलेलं पाणी होऊन नळीला आतून चिकटतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तोच इथे आतून. आता हिशेब करू. मशीन मिनिटाला तीसेक लिटर हवा ढकलते, कारण आपल्या श्वासाखेरीज मास्कच्या बारीक भोकांतूनही ती सतत बाहेर जात असते, नाहीतर आपलीच सोडलेली हवा आपण पुन्हा ओढू. सात तासांत हे झाले साडेबारा घनमीटर. हवा टाकीतून पूर्ण ओली होऊन निघाली असं धरलं, तर रात्रीत शंभर ग्रॅम पाणी सुटतं. अर्धा पेला! सगळं काही नाकाशी येत नाही, पण झोपेतल्या माणसाला दोन चमचेही पुरतात.

हीटेड ट्यूबच्या भिंतीत मळसूत्रासारखी गुंडाळलेली बारीक तार असते. ती नळीला गार पडू देत नाही, म्हणून वाफ मास्कपर्यंत वाफ म्हणूनच पोचते. ट्यूब स्वतः ओलावा देत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. ओलावा टाकीचा, ट्यूब नुसती पोच करणारी. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, यावरही तिचा काही उपचार नाही. ते काम हवेच्या दाबाचं. अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या अकादमीने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सीपॅपसोबत गरम ओलावा द्यावा असं म्हटलं आहे, पण तो ह्युमिडिफायरबद्दलचा सल्ला आहे. ट्यूबशिवायही तो पाळता येतो, खोली उबदार असेल तर.

आणि खोली कोणत्या महिन्यात उबदार, हाच आपल्याकडे खरा प्रश्न. डिसेंबर, जानेवारी, फार तर अर्धा फेब्रुवारी, एवढ्यापुरती ट्यूब नागपुरात कामाची. मार्चपासून तिचं काम संपतं, कारण ती तापवू शकते, थंड करू शकत नाही. तुम्ही तिला २७ वर ठेवलं आणि खोलीच ३१ अंशांची असली, तर तार रात्रभर गप्प. एप्रिल-मेमध्ये आपण कूलरसमोर झोपणारे लोक. कूलर खोलीला फुकटात ओलावा देतो. मी तर मे महिन्यात टाकीचा आकडा १ वर आणतो, आणि मशीन कूलरच्या झोतापासून दूर ठेवतो, नाहीतर पाण्याचे तुषार ती आत ओढते. पावसाळ्यात हवाच इतकी दमट, की बहुतेकांचं १-२ वर भागतं. एसीवाल्यांची गोष्ट वेगळी. ते मे महिन्यात डिसेंबर विकत घेतात, आणि एसीचा झोत नेमका नळीवर येत असेल तर पाणीही डिसेंबरसारखंच येतं.

म्हणून मी सरसकट "घ्या" म्हणत नाही. २ वर ठेवून ज्याचं नाक ठीक राहतं, त्याने साडेपाच हजार कशाला घालवायचे? पण तुमच्याकडे ओलावा वाढवला की पाणी, कमी केला की रक्त. या कात्रीतून सोडवणं, ट्यूबचं काम नेमकं एवढंच आहे. शिवाय खिडकी बंद होणार नाही म्हणता. (होणारही नाही. चाळीस वर्षांची सवय ट्यूबपेक्षा महाग असते.)

तरी पैसे काढण्याआधी आठ रात्री एक प्रयोग करून पाहा. माझ्या बायकोने जुन्या शालीची लांब खोळ शिवून साध्या नळीला चढवली होती, तिच्यावर माझा तो अख्खा जानेवारी निघाला. खोळ नळीलाच घाला, मशीनला गुंडाळू नका. तिची हवा ओढायची जाळी मोकळी हवी. मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा, छोट्या स्टुलावर, म्हणजे सुटलेलं पाणी नाकाकडे न येता टाकीकडे परतेल. नळी पलंगामागच्या खुंटीवरून घेतली तर मध्ये झोळ पडत नाही. गुडगुड होते ती त्या झोळातच. उरलेली नळी पांघरुणात घ्या. खिडकी यांच्या डोक्याशी असेल तर पलंग फिरवा, उशी दुसऱ्या टोकाला करा. आणि मग ह्युमिडिफायर २ वरून ३, दोन रात्रींनी ४, असा वाढवत न्या. ४ वर पाणी आलं नाही आणि नाकही शांत राहिलं, तर शालीवर काम झालं. पाणी आलं, तर ट्यूब घ्या आणि मनात शंका ठेवू नका.

घेताना एक काळजी. माझी पहिली हीटेड ट्यूब मशीनला बसलीच नाही. दुकानदार म्हणाला सगळ्यांना हीच लागते. घरी येऊन पाहतो तर विजेच्या पिना भलत्याच जागी. पाकीट फोडलं म्हणून परत घेतली नाही. ती अजून माळ्यावर आहे, बायको पाहुण्यांना दाखवते. साधी नळी बहुतेक मशीनना चालते, हीटेड मात्र मशीनगणिक वेगळी. रेसमेड कंपनीच्याच मशीन घ्या, एअरसेन्स १०ची ट्यूब एअरसेन्स ११ला लागत नाही. एअरमिनी या प्रवासी मशीनला तर हीटेड ट्यूबची सोयच नाही. म्हणून टाकीतलं पाणी ओतून, मशीन पिशवीत घालून दुकानातच घेऊन जा, आणि जोडल्यावर स्क्रीनवर ट्यूबचं तापमान दिसतं का ते बघूनच पैसे द्या. एअरसेन्स १०वर ते १६ ते ३० अंशांपर्यंत ठेवता येतं. २७ पासून सुरुवात करा. हवा कोंदट वाटली तर एकेक अंश उतरवा. नाकात गरम हवा घेऊन झोप लागत नाही म्हणणारे पुष्कळ असतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

विजेची काळजी करू नका. ट्यूबला वीस वॅट धरले तरी रात्रीचे सात तास म्हणजे पाव युनिटही होत नाही.

ट्यूब आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने धुवायची. उकळतं पाणी नको. सावलीत लटकवायची आणि पिनांकडचं टोक खडखडीत वाळल्याशिवाय जोडायची नाही. आणि हो, रक्ताचा ठिपका आठवडा-दहा दिवसांत थांबला नाही, किंवा यजमान रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर ट्यूबच्या भरवशावर न राहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी हीटेड ट्यूबसकटच मशीन घेतली. पाणी कधी येत नाही, पण सकाळी तिचं तोंड पापडासारखं कोरडं असतं, जीभ टाळूला चिकटते. ट्यूबचं तापमान वाढवावं का?
— एक वाचक, खामला, नागपूर

उत्तर : नको. तोंड कोरडं पडतंय म्हणजे बहुधा तोंड उघडं राहतंय. मास्क नुसत्या नाकाचा आहे ना? मग नाकातून आत गेलेली हवा तोंडातून बाहेर वाहत राहते आणि जाताना सगळा ओलावा घेऊन जाते. भोक पडलेल्या बादलीत नळ मोठा सोडण्यात काय अर्थ? सकाळी मशीनच्या स्क्रीनवर गळतीचा, म्हणजे लीकचा, आकडा किंवा चेहऱ्याचं चिन्ह येतं, ते चार दिवस वहीत लिहून ठेवा. गळती जास्त दिसली तर आधी आईचं नाक चोंदलंय का ते तपासून घ्या. नाक बंद असलं की माणूस तोंडानेच श्वास घेणार, मशीन काय करेल? नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावून पाहता येईल. हनुवटीचा पट्टाही मिळतो, पण माझं मत विचाराल तर या वयात तो छळच. रात्री दात काढून ठेवत असतील तर मास्क दातांशिवायच बसवून पाहा. गाल आत गेले की मास्कच्या कडा सुटतात. आणखी एक, रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या किंवा मनाच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. आईची औषधांची चिठ्ठी पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री लाइट जाते. इन्व्हर्टरवर सीपॅप आणि हीटेड ट्यूब दोन्ही चालतील का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : चालतील, पण बॅटरी खाणारी गोष्ट मशीनचा पंखा नाही, टाकी आणि ट्यूब तापवणं आहे. लाइट गेली की ती दोन्ही बंद करा, नुसत्या हवेवर मशीन पुष्कळ जास्त वेळ निघते. उन्हाळ्यात ट्यूब तापवायची गरजही नसते, ते वर लिहिलंच आहे. टाकीत पाणी तसंच असू द्या. गार पाण्यावरून गेलेली हवाही थोडी ओली होते. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा) आहे का ते बघून घ्या. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर कूलर कण्हत का होईना चालतो, पण सीपॅप त्याला जोडू नका.